लोकर रंगवण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी लोकर तपासा. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारे बरेचसे गुंडे ॲक्रिलिकचे असतात आणि त्यांच्यावर कांद्याची सालं, हळद अशा स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा रंग चढत नाही. धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरली, तर लोकर खरी. वितळून कडक गोळी झाली तर तो गुंडा विणायला ठेवा.

मग कोरड्या लोकरीचं वजन करा, पुढची सगळी मापं त्यावर ठरतात. पहिल्यांदा कांद्याचीच सालं घ्या. सोनेरी ते नारिंगी रंग येतो आणि बऱ्यापैकी टिकतो. हळद मोहात पाडते, पण उन्हात उडते. बीट तर धुण्यातच निघून जातं. १०० ग्रॅम लोकरीला १०० ग्रॅम सुकी सालं लागतात. घरच्या कांद्यांतून एवढी जमायला फार वेळ लागतो, म्हणून भाजीवाल्याला पोत्याच्या तळाशी उरलेली मागा. बुरशी धरलेली मात्र घेऊ नका.

तुरटी १०० ग्रॅम लोकरीला १२ ग्रॅम, कुटून गरम पाण्यात पूर्ण विरघळलेली. हिच्याशिवाय पातेलं चुलीवर ठेवूच नका, कारण लोकर आणि रंग यांना एकमेकांशी बांधते ती हीच. अंदाजाने जास्त घातली तर लोकर चिकट लागते.

पातेलं मोठं आणि स्टीलचं हवं. लोखंडी भांड्यात हाच रंग मळकट हिरवा होतो. रंगाची भांडी, गाळणं, काठी पुन्हा स्वयंपाकात आणायची नाहीत.

गुंडा उलगडून सैल लडी करा आणि चार जागी सुती दोऱ्याने ढिली बांधा. घट्ट बांधलं तिथे पांढरे पट्टे राहतात. रिठ्याच्या कोमट पाण्यात धुऊन रात्रभर साध्या पाण्यात भिजवा.

थर्मामीटर असेल तर उत्तम. तुरटीच्या पाण्यात आणि नंतर रंगात, दोन्ही वेळा लडी कोमट असतानाच सोडायची, हळूहळू ८० अंशांपर्यंत न्यायची, पाऊणएक तास ठेवायची आणि पातेल्यातच निवू द्यायची. उकळी, ढवळाढवळ किंवा अचानक गार पाणी, यांनी लोकरीचा नमदा होतो, म्हणजे धागे एकमेकांत घट्ट गुंतून बसतात, आणि तो पुन्हा सुटत नाही. सालं आदल्या दिवशीच पाण्यात तासभर शिजवून ते पाणी गाळून ठेवा, हाच रंग.

लडी वाळवायला सावलीत दोरी बांधून ठेवा. आणि दुसरी लडीही तुरटी लावून तयार असू द्या, उरलेल्या रंगात तिला फिकट छटा मिळते.