गरोदरपणात काय खावं, त्याआधी कधी खावं

दिवस राहिले की घरोघरी पहिला सल्ला ठरलेला: "आता दोन जिवांची आहेस, दुप्पट खा." दुप्पट खायची गरज नसते. लागणारं बहुतेक सगळं आपल्या स्वयंपाकघरात असतंच, घोळ होतो तो वेळेचा. काही गोष्टी उशिरा सुरू होतात, तर काही भलत्याच गोष्टीच्या जोडीने पोटात जातात.

१. मूल हवं असं ठरताच

बाळाचा मेंदू आणि कणा ज्या नळीपासून तयार होतात ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी निदान महिनाभर आधीपासून रोज घ्यायची आणि पहिले तीन महिने चालू ठेवायची. मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर मात्रा डॉक्टरांनाच विचारा. हिमोग्लोबिनही याच वेळी तपासा. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, आणि मुळातच कमी असलेलं रक्त नंतर भरून काढणं जड जातं.

२. पहिले तीन महिने

मळमळत असताना पौष्टिकतेचा हट्ट नको. चुरमुरे, फुटाणे, मऊ भात, ताक, जे टिकेल ते थोडं थोडं खा. पाणीही पोटात ठरत नसेल तर मात्र दवाखाना गाठा.

३. चौथ्या महिन्यापासून

आता खाणं वाढवायचं, पण किती? रोजच्यापेक्षा साधारण ३५० कॅलरी जास्त. म्हणजे एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि कपभर दूध, बस्स. बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल म्हणून मुद्दाम कमी जेवणाऱ्या बायका अजून भेटतात. तसं करू नका.

सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. रोज एक, १८० दिवस. तिचा खरा वैरी आपला चहा. जेवणावर किंवा गोळीवर चहा घेतला की त्यातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या आड येते. मग दिवस असा लावा: कॅल्शियम नाश्त्यानंतर आणि दुपारच्या जेवणानंतर, लाल गोळी रात्री जेवून दोनेक तासांनी लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा या सगळ्यांपासून निदान तासभर लांब. शौचाला काळं होतं, ते लोहामुळे. घाबरून गोळी सोडू नका.

ताटातही हाच हिशेब. मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा. शाकाहारी असाल तर बी-१२ साठी दूध-दही चुकवू नका. नाचणीची भाकरी कॅल्शियमला उत्तम, १०० ग्रॅम नाचणीत ते ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली खुशाल खावी. मोरी मात्र शार्कच. शार्कमध्ये पारा साठतो, म्हणून आता आणि पुढे अंगावर पाजतानाही ती टाळलेली बरी, कोकणात ती बाळंतिणीला मुद्दाम देत असले तरी.

४. बाळ झाल्यावर

सगळ्यात जास्त भूक आता लागते. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. आणि नेमकं याच वेळी काही घरांत तिच्या ताटातली डाळ, भाजी, फळं काढून तूप-भात तेवढा ठेवतात! पाणीही मोजून देतात. पाणी तहानेइतकं प्यावंच. वरण, पालेभाजी, अंडं, सगळं चालतं. आळिवाचे लाडू चांगलेच, आळिवात लोह भरपूर असतं. डिंकाचेही द्या, पण दिवसाला एक-दोन पुरेत. त्यात तूप-गूळ किती जातो हे वळणाऱ्या हातांना ठाऊक असतं.

आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं जेवण मिळतं. तिथे नाव नोंदवा.

लाल गोळी मात्र बारशाच्या गडबडीत हमखास बंद पडते. बाळंतपणानंतरही ती १८० दिवस घ्यायची असते. तारखा लक्षात राहत नसतील तर एवढं धरा: बाळाच्या उष्टावणापर्यंत.