‘हे काय काढलंस?’ : मुलांची चित्रे आणि चित्रपुस्तके यांबाबत या चुका टाळा

चार वर्षांचा एक मुलगा जमिनीवर पालथा पडून आगगाडी काढत होता. डबे जोडून झाले, प्रत्येक डब्याला खिडक्या झाल्या, खिडक्यांत डोकी बसली, त्यांतल्या एका डोक्याला चष्माही लागला. मग त्याने काळा खडू उचलला आणि त्या सगळ्या गाडीवरून, इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत, जोर लावून गिरबटायला सुरुवात केली. शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने घाईघाईने कागद ओढून घेतला. “अरे, इतकं छान काढलं होतंस, बिघडवलंस ना सगळं!” मुलगा गोंधळून पाहत राहिला. गाडी बोगद्यात शिरली होती. तो मोठा माणूस मीच होतो, हे इथे कबूल केलेले बरे.

मुलाला चित्रांची गोडी लागत नाही, पुस्तक उघडले की ते पळून जाते, अशी तक्रार ज्या घरांत ऐकू येते तिथे खडूंची किंवा पुस्तकांची वाण असतेच असे नाही. मूल काढण्यात रमलेले असते आणि मोठ्यांचे लक्ष काढून झालेल्या चित्राकडे असते. मूल एका पानात बुडालेले असते आणि मोठ्यांना पुस्तक संपवायचे असते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या ओढाताणीतून होतात, आणि मायेपोटी होत असल्यामुळे त्या चटकन लक्षातही येत नाहीत.

“हे काय काढलंस?”

दोन वर्षांच्या मुलाच्या रेघोट्यांकडे पाहून हा प्रश्न विचारला की ते मूल गप्प होते, कारण त्याने ‘काही’ काढलेलेच नसते. हात फिरला की कागदावर खूण उमटते, हा शोधच त्या वयाला पुरेसा मोठा असतो. ऱ्होडा केलॉग या अमेरिकी अभ्यासिकेने लहान मुलांची दहा लाखांहून अधिक चित्रे जमवली आणि १९६९ मध्ये त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. ठिपक्यापासून ओबडधोबड वर्तुळापर्यंत रेघोट्यांचे २० मूळ प्रकार त्यांनी त्यात वेगळे काढून दाखवले आहेत. आपल्याला जे नुसते गिरबटणे वाटते, त्यात मूल एकेक आकार कमावत असते. ऑस्ट्रियात जन्मलेले कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या टप्प्यांनुसार हा रेघोट्यांचा काळ साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या वर्षापर्यंत चालतो आणि त्याच्या अखेरीस मूल आपल्या रेघोट्यांना नावे देऊ लागते. ही नावे बहुधा काढून झाल्यावर सुचलेली असतात, त्यामुळे सकाळचा हत्ती दुपारी आत्या झाला तर त्यात मुलाचा काही खोटेपणा नाही.

आपण मात्र ‘हत्ती’ या उत्तराने खूश होतो. मुलाला आपली खुशी अचूक कळते, आणि पुढच्या वेळी खडू टेकवण्याआधीच ते “काय काढू?” असे विचारू लागते. हे टाळायचे असेल तर जे दिसते आहे तेवढेच बोलावे : “ही रेघ पार कडेपर्यंत जाऊन परत आली,” किंवा “इथे तू फार जोर दिलेला दिसतोय.” चित्राविषयी सांगायचे असेल तर मूल आपणहून सांगते. नाही सांगितले तर गप्प बसण्यानेही काही बिघडत नाही.

“असा कुठे हात असतो का?”

तीन-साडेतीन वर्षांचे मूल माणूस काढते तेव्हा एक मोठा गोळा, त्यात डोळे आणि तोंड, गोळ्यालाच फुटलेले दोन पाय, आणि आठवले तर डोक्यातूनच निघालेले हात, एवढाच ऐवज असतो. धड नसते. हा माणूस जवळजवळ प्रत्येक मुलाच्या कागदावर येऊन जातो आणि कोणी दुरुस्त केला नाही तरी काही महिन्यांत त्याला आपोआप धड फुटते. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या चित्रात घराची भिंत बंद असूनही आतला पलंग दिसतो, टेबलाचे चारही पाय चार दिशांना पसरलेले असतात. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-हेन्री लूके यांनी १९२७ मध्येच सांगितले होते की या वयाचे मूल डोळ्यांना दिसते ते काढण्यापेक्षा त्याला जे माहीत असते ते काढते.

१९७२ मधल्या एका प्रयोगात हे फार सुंदर रीतीने दिसले. नॉर्मन फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसमोर एक कप असा ठेवला की त्याचा कान मागे लपलेला होता आणि पुढच्या बाजूला एक फूल दिसत होते. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि समोर दिसणारे फूल मात्र गाळले. त्यांच्या दृष्टीने कान नसेल तर तो कप कसला? फूल काय, असले काय आणि नसले काय. साधारण आठ वर्षांच्या पुढची मुले दिसते तसे काढू लागली होती. म्हणून पाच वर्षांच्या मुलाला “नीट बघून काढ” असे सांगणे म्हणजे त्याच्या चित्रातला विचार खोडून काढणे आहे, असे मला वाटते.

मग मदत करायचीच नाही का? करायची, पण कागदावर बोट ठेवून करायची नाही. मुलाचे सायकलस्वार जर नुसते काठीसारखे येत असतील तर सायकल चालवून आल्यावर विचारावे : पाय कुठे होते, वळताना कोणत्या बाजूला झुकलास, वारा कुठे लागत होता? अंगाला जे जाणवले ते दोन-चार दिवसांत चित्रात उतरते, आणि उतरले नाही तरी गप्पा फुकट जात नाहीत.

“थांब, मी काढून दाखवतो”

मूल मांजर काढायला बसते, अडते, आणि म्हणते, “तूच काढून दे.” आपण दोन गोल, दोन त्रिकोणी कान आणि तीन-तीन मिशा असे सफाईदार मांजर काढून देतो. मूल आधी हरखते, मग आपल्या मांजराकडे पाहते आणि खडू ठेवून देते. दुसऱ्या दिवशी पुन्हा “तूच काढून दे” असते. फरक इतकाच की आता स्वतः काढायचा प्रयत्नही होत नाही. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी आणि वळत आलेली नदी हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या ज्या सवयीने चालत आले आहे, ती सवय इथेच लागते. त्या चित्रातला डोंगर कोणीच पाहिलेला नसतो.

अशा वेळी प्रश्नाचे तुकडे करावेत. मांजर बसले आहे की पळते आहे? त्याचे सगळ्यांत आधी काय दिसते? शेपूट म्हणाले तर शेपटीपासून सुरुवात होऊ दे. चित्र डोक्यापासूनच काढावे असा काही दंडक नाही. मोठ्यांनी आपला वेगळा कागद घेऊन शेजारी बसावे आणि आपल्या कुवतीप्रमाणे, फार नीटनेटके न करता, काहीतरी काढत राहावे. बाबांचा घोडा गाढवासारखा दिसतो आणि तरीही ते काढत आहेत, हे दृश्य कोणत्याही उपदेशापेक्षा मुलाला जास्त धीर देते.

छापील आकृत्या रंगवायच्या वह्यांचे इथेच थोडक्यात सांगतो. त्या विष नाहीत, प्रवासात वेळ चांगला जातो आणि हातही वळतो. पण रेघेच्या आत रंग भरणे म्हणजे चित्र काढणे अशी मुलाची समजूत झाली तर कोऱ्या कागदाची भीती वाटू लागते, म्हणून घरात एका रंगवहीमागे भरपूर कोरे कागद असावेत.

शाबासकीचा मारा

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक पालकाने एकदा तरी ऐकावा असा आहे. चित्र काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली ५१ मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्रे काढलीत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल, काहींना ते न सांगता नंतर अचानक दिले, आणि काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात मोकळ्या वेळी रंगीत पेने पुन्हा मांडली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ त्यांच्याशी रमली. खेळ होता त्याचे काम झाले होते.

यावरून कौतुकच करू नये असा अर्थ काढण्याची गरज नाही. अवचित मिळालेल्या प्रमाणपत्राने त्या मुलांचे काही बिघडले नव्हते. टाळायची ती बोली : “पाच चित्रं काढलीस तर...” अशी सुरुवात होणारी. प्रत्येक कागदाला न पाहताच “वा, छान!” म्हणणेही तसेच पोकळ असते, कारण वर न पाहता दिलेली दाद मूल बरोबर ओळखते. बालवयातल्या चित्रस्पर्धांबद्दल माझे मत प्रतिकूल आहे, विशेषतः जिथे पालकच मागे उभे राहून रंग सुचवत असतात तिथे.

साहित्य जपून ठेवणे

महागडी रंगपेटी कपाटाच्या वरच्या फळीवर आणि “जपून वापर” ही सूचना खाली, अशी व्यवस्था असेल तर मूल चित्र काढणार नाही. साधे मेणखडू आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा मुलाच्या हाताला येईल असा ठेवावा. तुटलेले खडू फेकू नयेत. बोटभर तुकडा मुठीत धरता येत नाही, तो बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो, आणि पुढे पेन्सिल धरण्यासाठी तीच चिमूट उपयोगी पडते. खोडरबर मात्र काही वर्षे नजरेआड असलेले बरे. भिंतीवर रेघा ओढल्या जात असतील तर रागावण्याऐवजी तिथेच, मुलाच्या उंचीला, मोठा कागद चिकटवावा. उभ्या कागदावर अख्खा हात खांद्यापासून फिरतो, भिंतीचे आकर्षण बहुधा त्यातच असते.

“इकडे लक्ष दे, मी वाचतोय ना!”

चित्रपुस्तके बहुधा ३२ पानांची असतात, कारण छपाईच्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की पाने आठाच्या किंवा सोळाच्या पटीत पडतात. मजकूर तर पानाला दोन-चार ओळींचाच. मोठ्या माणसाला हे पुस्तक पाच मिनिटांत ‘वाचून’ टाकता येते, आणि नेमके तिथेच चुकते. मेरी ॲन इव्हान्स आणि जाँ सेंट-ओबँ यांनी २००५ मध्ये पुस्तक वाचून दाखवले जात असताना मुलांची नजर कुठे फिरते ते उपकरणाने मोजले, तेव्हा ती जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर होती, अक्षरांकडे क्वचितच वळत होती. आपण ओळी वाचत असतो त्याच वेळी मूल शेजारी दुसरे काहीतरी वाचत असते.

समजा, पानावर “मुलगा दुकानात निघाला” एवढेच लिहिले आहे आणि चित्रात त्याच्या पिशवीतून उंदराची शेपूट बाहेर आली आहे. मजकुरात उंदीर नाही. मुलाचे बोट शेपटीवर आहे आणि आपला अंगठा पान उलटायला निघाला आहे. या क्षणी थांबणे एवढेच खरे तर करायचे असते. उंदीर आत कधी शिरला म्हणून मागचे पान उलटून पाहावे, पुढच्या पानावर तो सापडतो का ते शोधावे, मग दुकान यथावकाश येतेच. चांगल्या चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रकारानेच सांगितलेली असते.

याच्या उलट टोकाची चूकही होते. हा रंग कोणता, ससे किती, ‘स’ कुठे आहे, असे प्रश्न पानोपानी सुरू झाले की पुस्तकाची परीक्षा होते. प्रश्न विचारावेत, पण ज्यांचे एकच उत्तर नसते असे : “ही का रुसली असेल?” ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये २१ ते ३५ महिन्यांच्या मुलांच्या पालकांना असेच मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या अर्धवट उत्तरात थोडी भर घालून ते परत बोलायला शिकवले. महिनाभर घरी असे वाचन झाल्यावर ती मुले बोलण्याच्या चाचण्यांत नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे होती, आणि नऊ महिन्यांनंतरही तो फरक, काहीसा कमी झाला तरी, दिसत होता.

काही नेहमीच्या अडचणी

रोज तेच पुस्तक हवे असते? द्यावे. जेसिका हॉर्स्ट यांच्या २०११ मधल्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टींपेक्षा तीच गोष्ट पुन्हा ऐकल्याने अधिक चांगले लक्षात राहिले. कंटाळा येतो तो आपल्याला. मूल पाने फाडत असेल तर त्याला अजून जाड पुठ्ठ्याच्या पानांचीच पुस्तके हवी आहेत, आणि फाटलेले पान चिकटवायला त्यालाच सोबत बसवावे. एका जागी बसत नसेल तर उभे राहून, लोळून ऐकू द्यावे. कान चालू असतात. शेवटापासून पाने उलटत असेल तर तसेच पाहावे, काही पुस्तके उलटीच जास्त रंगतात. तीच आगगाडी महिनाभर रोज काढली जात असेल तर मूल अडकले आहे असे समजू नये. जुने कागद शेजारी मांडून पाहिले की चाके, धूर, रूळ असे काहीतरी वाढत गेलेले दिसते. म्हणून कागदाच्या मागे तारीख टाकावी.

“आता मोठा झालास, चित्रांची पुस्तकं पुरेत”

आठ-नऊ वर्षांचे मूल आपल्या चित्राकडे परक्याच्या नजरेने पाहू लागते. घोडा घोड्यासारखा दिसत नाही हे आता त्याचे त्यालाच कळते, ते खोडते, कागद चुरगाळते, आणि “मला चित्रकला येत नाही” असे जाहीर करून मोकळे होते. लोवेनफेल्ड यांच्या टप्प्यांत नऊ ते बारा या वयात खऱ्यासारखे काढण्याची ओढ येते ती हीच. नेमके याच सुमारास आपण त्याच्या फळीवरची चित्रपुस्तके धाकट्यांना देऊन टाकतो आणि नुसत्या अक्षरांची जाड पुस्तके आणून ठेवतो. चित्रे कशी काढतात याबद्दल ज्या वयात कुतूहल जागे होते, त्याच वयात चित्रे हातातून काढून घेतली जातात.

आता “छानच आहे की” म्हणून चालत नाही, कारण मुलाला ते खरे वाटत नाही. त्याला आता खरोखर कसब हवे असते, आणि पाच वर्षांच्या मुलासाठी जी चूक होती, ती वस्तू समोर ठेवून काढणे, सावली कुठे पडते ते पाहणे, ही या मुलासाठी मदत ठरते. जुनी चित्रपुस्तके पुन्हा उघडावीत आणि या वेळी चित्रकाराने काय केले ते पाहावे : पळणारे घोडे दाखवताना त्याने पाय किती काढले आहेत, रात्र दाखवताना काळा रंग खरेच वापरला आहे का, गर्दीतल्या मागच्या माणसांना चेहरे आहेत की नुसते ठिपके. ते ठिपके पाहून एका दहा वर्षांच्या मुलीने मला विचारले होते, “म्हणजे सगळं काढावं लागत नाही?” आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता तिने चुरगाळलेला कागद सपाट करून पुन्हा पुढे ओढला होता.