पावसाआधी नॅस घ्यायचा तर

नॅस म्हणजे राउटरला जोडून ठेवायचा डिस्कांचा डबा, त्यातलं घरातल्या टीव्हीवर आणि फोनवर बघता येतं. डबा कुठला घ्यायचा हे सगळ्यात शेवटी. आधी कपाट उघडा आणि कागद-पेन घेऊन बसा. आमच्या फोंड्याच्या घरात निघालं ते असं: काकांनी जत्रेतल्या नाटकांचं चित्रण करून ठेवलेल्या वीस मिनीडीव्ही कॅसेटी, लग्नामुंजीच्या तीसेक डीव्हीडी, आईच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग आणि चौघांच्या फोनमधला पसारा. मिनीडीव्हीची तासाभराची कॅसेट मूळ दर्जात उतरवली की साधारण १३ जीबी भरते. वीस कॅसेटी म्हणजे २६० जीबी. डीव्हीडी ४.७ जीबीची, तीस झाल्या तर १४०च्या घरात. इथवर वाटतं की १ टीबीत आरामात भागेल. मग फोनचा हिशेब येतो. ४केमध्ये काढलेला व्हिडिओ फोनच्या सेटिंगप्रमाणे मिनिटाला १७० ते ३५० एमबी खातो. अर्धा तास घुमट आरती चालली की ५ ते १० जीबी गेले, आणि आमच्याकडे गणपती पाच दिवसांचा. जी बेरीज येईल तिच्या दुप्पट जागा धरा. ४ टीबीची डिस्क काम्प्युटरवर ३.६३ दिसते, त्यात दुकानदाराने फसवलेलं नसतं; कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या.

कॅसेटी असतील तर डबा येण्याची वाट बघू नका, त्या आधी उतरवायला घ्या. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो आणि त्यासाठी फायरवायरचं पोर्ट असलेला जुना काम्प्युटर लागतो, नव्या लॅपटॉपला ते नसतं. आमच्या तीन कॅसेटींना दमटपणाने बुरशी धरली होती. उतरवून झाल्या तरी कॅसेटी टाकून देऊ नका. का ते पुढे येईलच.

आता टीव्हीसमोर बसा. स्वस्त नॅस चालेल की नाही याचा निकाल तिथेच लागतो. फाईल जशी आहे तशी टीव्हीला वाचता आली तर नॅसला फक्त ती पुढे ढकलायची असते, आणि ते काम सगळ्यात गरीब प्रोसेसरही करतो. टीव्हीला ती वाचता येत नसेल तर नॅसला चालू व्हिडिओचं दुसऱ्या फॉरमॅटमध्ये रूपांतर करत बसावं लागतं. त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि स्वस्त डबा तिथे धापा टाकतो. म्हणून घरातल्या सगळ्यात हट्टी चार फाईली पेनड्राइव्हवर घ्या: कॅसेटवरून उतरवलेली एक, डिवएक्स या जुन्या फॉरमॅटातली एव्हीआय एक, डीटीएस प्रकारच्या आवाजाचा सिनेमा एक आणि फोनचा ४के व्हिडिओ एक. पेनड्राइव्ह टीव्हीला लावून बघा. आमच्या टीव्हीने पहिली उघडलीच नाही, आणि सिनेमात चित्र दाखवलं पण आवाज गिळला. कॅसेटीच्या सगळ्या फाईली लॅपटॉपवर एकदाच एच.२६४ या टीव्हीला चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये करून घेतल्या, काम संपलं. एका रात्रीचं ते काम टाळायला महागडा प्रोसेसर घेणं मला तरी पटत नाही. मराठी सबटायटल असतील तर त्यांची फाईल यूटीएफ-८मध्ये साठवा, नाहीतर पडद्यावर नुसते चौकोन उमटतात.

घराच्या भिंतीही मोजा. चिऱ्याची जुनी भिंत हातभर जाड असते. ओसरीवरच्या राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दुसऱ्या भिंतीपलीकडे मलूल होतं. नॅस राउटरला केबलनेच जोडायचा. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल घ्या, आठही तारा जोडलेली. चारच तारा लावलेली केबल १०० मेगाबिटवर अडते आणि आपण डब्याला शिव्या देतो. राउटरचं पोर्टही गिगाबिट आहे ना ते बघा. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास माल सरकतो, १०० मेगाबिटवर ११-१२. पहिल्यांदा १ टीबी भरायला एकीकडे अडीच तास, दुसरीकडे अख्खा दिवस. नुसतं बघायला मात्र १०० मेगाबिट पुष्कळ झालं, ब्लू-रेसुद्धा त्यात चालते. तेव्हा २.५ गिगाबिटच्या पोर्टासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

राउटरच्या पाठीला यूएसबी पोर्ट असेल तर आधी घरातली जुनी डिस्क तिथे लावून आठवडाभर बघा. एकच टीव्ही असलेल्या घराला कधीकधी तेवढंही पुरतं. पडून असलेला डेस्कटॉप वापरायचा मोह होतो, पण तो ६५ वॅट खात दिवसरात्र चालला तर महिन्याला ४५हून जास्त युनिटं होतात. दोन डिस्कांचा नॅस २० वॅट धरला तरी १५च्या आत. रास्पबेरी पाय ४ या छोट्या काम्प्युटरला गिगाबिट आणि यूएसबी ३ दोन्ही आहे, त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट (त्याचा नॅस करणारं) आणि जेलीफिन (व्हिडिओ टीव्हीला पुरवणारं) ही सॉफ्टवेअरं फुकट चालतात. हौस असेल तर जरूर करा, पण बिघडला की सगळं घर तुमच्याच तोंडाकडे बघणार. माझी पसंती दोन खणांच्या साध्या तयार डब्याला, सिनॉलॉजीच्या ‘जे’ मालिकेसारख्या. त्याची किंमत बहुधा डिस्कांशिवाय लिहिलेली असते, हे विसरून बजेट मांडू नका.

जुना घेत असाल तर त्याला अजून अपडेट येतात का ते आधी विचारा. डब्ल्यूडी कंपनीच्या माय बुक लाइव्ह या डब्याला २०१५नंतर अपडेट नव्हते. जून २०२१मध्ये जगभरच्या लोकांचे ते डबे इंटरनेटवरून कुणीतरी पुसून टाकले.

डिस्क घेताना सीएमआर की एसएमआर हे विचारा. सीएमआरमध्ये माहितीच्या रेघा शेजारीशेजारी सुट्या असतात. एसएमआर डिस्कमध्ये त्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते; घर शाकारताना पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. एकदाच भरून ठेवायच्या सिनेमांना ती चालते. मिरर म्हणजे दोन्ही डिस्कांवर तेच साठवणं; त्यातली एक डिस्क मेली आणि दुसरीवरून नवी भरून काढायची वेळ आली की ती कमालीची रेंगाळते. म्हणून नॅसमध्ये सीएमआर, आणि बाहेरच्या प्रतीसाठी हवी तर एसएमआर.

मिरर ही प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाईल दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी जाते. पैसे कमी पडत असतील तर मी मिरर सोडेन: नॅसमध्ये एकच डिस्क, दुसरी तेवढीच डिस्क म्हापशाला बहिणीकडे, दर दोन महिन्यांनी आणून भरायची. हे मला काकांच्या नाटकाने शिकवलं. मागच्या चतुर्थीला घर भरलं होतं, २००३च्या जत्रेतलं नाटक टीव्हीला जोडलेल्या पोर्टेबल डिस्कवरून लावलं होतं, काका राजाच्या वेषात नुकतेच प्रवेश करत होते. वीज गेली, आली, परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा डिस्कमधून नुसतं टक्, टक्, टक्. प्रत नव्हतीच. कॅसेटी शाबूत होत्या म्हणून वाचलो, आणि पुन्हा वीस तास बसलो. काका नॅसला अजूनही ‘नास’ म्हणतात, कुणी दुरुस्त करत नाही.

म्हणून यूपीएस खर्चात आधीच धरा. साधा ६०० व्हीएचा चालेल, पण यूएसबी पोर्ट असलेला आणि तुमच्या नॅसला चालणाऱ्या यूपीएसच्या यादीत असलेला. वीज गेली हे त्या केबलीतून नॅसला कळतं आणि तो स्वतःहून नीट बंद होतो. घरचा इन्व्हर्टर त्याला काहीच कळवत नाही. मे महिन्यातल्या गडगडाटात प्लगसोबत नेटवर्कची केबलही काढा, तांब्याची आहे ती. डबा बंद कपाटात नको, खिडकीजवळही नको. पावसाळ्यात जाळीतून मुंग्या आत शिरतात, महिन्याकाठी एकदा टॉर्च मारून बघा.

दुबईतल्या भावाला घरबसल्या आरती बघायची असेल तर राउटरचं पोर्ट उघडं टाकू नका, टेलस्केल वापरा, ते फक्त आपल्याच उपकरणांना आत येऊ देणारं सॉफ्टवेअर. २०२२मध्ये डेडबोल्ट या फाईलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने गाठले ते इंटरनेटवर उघडे राहिलेले नॅसच.

सगळं जोडून झालं की चतुर्थीच्या आठ दिवस आधी, निवांत दुपारी, टीव्हीवर नाटक लावा आणि मेन स्विच पाडा. यूपीएस आवाज करेल; बॅटरीवर किती मिनिटं थांबायचं हे सेट केलं असेल तेवढ्या वेळाने नॅसचा दिवा लुकलुकून विझायला हवा. स्विच वर करा. तो आपला आपण सुरू झाला नाही तर सेटिंगमध्ये ‘वीज आल्यावर आपोआप चालू’ निवडायचं राहिलंय.