भंगारातली बॅटरी उचलण्याआधी

पेट्रोल गाडी इलेक्ट्रिक करताना हायब्रिडची बॅटरी आणि पूर्ण इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी यांत गल्लत करू नका. दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसच्या पॅकमध्ये 28 मॉड्यूल (सेलचे गठ्ठे), व्होल्टेज 201.6, ऐकायला दणदणीत. पण साठवण जेमतेम 1.3 किलोवॅट-तास. ती क्षणभर जोर द्यायला बनवलेली, अख्खी गाडी तिच्यावर लांब जाणार नाही. सुरुवातीच्या निसान लीफचा पॅक मात्र 24 किलोवॅट-तासांचा. त्यातली 48 मॉड्यूल सुटी करून हवी तशी रचता येतात, म्हणून मला ती आवडतात. फक्त आत पाऊच सेल (मऊ, चपट्या पाकिटासारखे) असल्याने ती घट्ट दाबून धरणारी चौकट हवीच.

जुनी गाडी किती किलोमीटर चालली, त्या आकड्यावर भाळू नका. मीटर घेऊन प्रत्येक सेल मोजा, मग लोड देऊन, म्हणजे बॅटरीतून करंट ओढत, पुन्हा मोजा. विश्रांतीत सगळे सेल सारखेच दिसतात. लोड पडला की कमजोर सेल लगेच खाली बसतो. लिथियम-आयनचा एखादा सेल 2.5 व्होल्टच्या खाली गेलेला, कुठे फुगवटा, पाणी शिरल्याची खूण, गोडसर रसायनाचा वास असेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. पुराच्या पाण्यात बुडालेला पॅक तर नकोच नको.

कॉन्टॅक्टर (पॅकचा प्रवाह चालू-बंद करणारा मोठा स्विच), मुख्य फ्यूज, सेलच्या वायरिंगचे कनेक्टर, कूलिंगचे पाइप त्याच वेळी मागून घ्या, नंतर शोधताना दमछाक होते. आणि सर्व्हिस प्लग (दुरुस्तीआधी पॅकचा प्रवाह तोडायला काढतात तो) काढला तरी आतले सेल जिवंतच असतात, त्यामुळे हाय-व्होल्टेजचे हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडू नका.