कामावर दाताला इजा झाली, तर उपचाराचा खर्च कसा मिळवावा

जळगावच्या एमआयडीसीतील दालमिल असो, चटईचा कारखाना असो की धुळे-नंदुरबारकडचे जिनिंग असो, पाना निसटून तोंडावर बसला की कामगार चूळ भरतो, रुमाल दाबून धरतो आणि पुन्हा कामाला लागतो. हात मोडला असता तर कागद झाले असते. दाताचे कागद होत नाहीत आणि पुढे खर्च मागताना नेमके तेच आडवे येते.

पहिले काम दात वाचवण्याचे आहे. दात मुळासकट बाहेर पडला असेल, तर मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाने तो उचलावा, माती लागली असल्यास न घासता क्षणभर पाण्याखाली धरावा आणि चहाच्या टपरीवरून थंड दूध मिळवून त्यात बुडवून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात दंतवैद्याकडे न्यावा. तुटलेला तुकडाही फेकू नये, कारण कित्येकदा तो पुन्हा चिकटवता येतो.

इजा कोठे, किती वाजता आणि कशाने झाली, हे दंतवैद्याकडून केसपेपरवर त्याच दिवशी लिहून घ्यावे. मी जिनिंगमध्ये असताना माझ्या एका सोबत्याने मुकादमाच्या सांगण्यावरून ‘घरी पाय घसरून पडलो’ असे लिहवून घेतले होते. आठ महिन्यांनी तो दात काळवंडला, रूट कॅनॉल आणि कॅप करण्याची वेळ आली आणि त्या एका ओळीमुळे त्याला सगळा खर्च पदरचा करावा लागला. मला आजही त्याची हळहळ वाटते. कारखान्याच्या अपघात नोंदवहीतही नोंद करून घ्यावी, मालकाला लेखी कळवावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

त्यानंतर वेतनचिठ्ठी पाहावी. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि त्यातून ०.७५ टक्के रक्कम कामगार राज्य विम्यासाठी, म्हणजे ईएसआयसाठी, कापली जात असेल, तर उपचाराचा मार्ग तिथूनच जातो. कामावरच्या इजेसाठी आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. मात्र तातडीची वेळ सोडली, तर आधी ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन पुढची चिठ्ठी घ्यावी, कारण परस्पर खासगी दवाखान्यात केलेला खर्च परत मिळवणे फार अवघड जाते. इजेमुळे काम बुडाले, तर नियमांप्रमाणे वेतनाच्या ९० टक्के दराने भत्ताही मिळतो.

ईएसआय लागू नसेल, तर जबाबदारी मालकाची. कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यात २००९ साली दुरुस्ती होऊन उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाने द्यावा, अशी तरतूद आली. आता या विषयाला २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे. ठेकेदाराकडून कामावर आलेल्या हमालाला ‘तू आमचा माणूस नाहीस’ असे सांगून मूळ मालकाला मोकळे होता येत नाही. इजेमुळे तीन दिवसांपेक्षा जास्त काम करता आले नाही, याला भरपाईच्या कायद्यात महत्त्व आहे, म्हणून दंतवैद्याने विश्रांती सांगितली असेल, तर ती लेखी घ्यावी आणि दुखणे दाबून दुसऱ्या दिवशी हजेरी लावू नये. मालक दाद देत नसेल, तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात कागदांसह जावे.

स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी असल्यास तीही वाचावी, मात्र दाताचा खर्च बहुधा अपघातामुळे दवाखान्यात भरती व्हावे लागले तरच त्यात बसतो. हातात पैसेच नसतील, तर धुळ्याच्या दंत महाविद्यालयात चौकशी करावी, तिथे शिकाऊ डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च कमी येतो.

सर्वांत जपायचे ते मालकाने पुढे केलेल्या कागदावर सही करताना. मार लागलेला दात वरून धड दिसत असला, तरी त्याची नस काही महिन्यांनी मरू शकते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात दिसणारा खर्च हा पूर्ण खर्च नसतो. एक्स-रे, रूट कॅनॉल, कॅप आणि पुढच्या तपासण्या यांचा अंदाज दंतवैद्याकडून लेटरहेडवर लिहून घ्यावा आणि तो मालकाला द्यावा. मालकाने दोन हजार रुपये पुढे केले, तर ते अवश्य घ्यावेत, पण ‘हिशेब मिटला’ असे लिहिलेल्या पावतीवर सही करू नये. ‘आजपर्यंतच्या उपचाराच्या खर्चापोटी मिळाले, पुढील उपचार बाकी आहेत’ असे स्वतःच्या हाताने लिहावे आणि त्याखाली तारीख घालून सही करावी.