व्हिएतनामला निघालात? पैशांच्या या चुका टाळा

होई आनमध्ये संध्याकाळी नदीकाठचे कंदील लागले की सगळ्याच गोष्टींवर लाल-पिवळी झाक पडते. अशा उजेडात माझ्या सासूबाईंनी उसाचा रस विकणाऱ्या बाईच्या हातात एक निळी नोट ठेवली. रस होता २० हजार डोंगचा, म्हणजे आपले साधारण ७० रुपये. सासूबाईंनी दिली होती ५ लाखांची नोट, जवळपास १,७०० रुपयांची. ती बाई भली होती. तिने नोट परत केली आणि सासूबाईंच्या उघड्या पाकिटातली दुसरी निळी नोट बोटाने दाखवली. मग दोन्ही नोटा एकीवर एक ठेवल्या. ५ लाखांची नोट बोटभर लांब निघाली. नंतर तिने २० हजारांची नोट उलटी केली, मागच्या चित्रावर बोट ठेवलं आणि मान वळवून पलीकडच्या पुलाकडे पाहिलं. होई आनचा जुना जपानी पूलच त्या नोटेवर छापलेला आहे.

दर वेळी समोर अशी बाई असेलच असं नाही. गेली काही वर्षं नातेवाईक आणि ओळखीची मंडळी निघण्याआधी मला पैशांबद्दल विचारतात आणि परत आल्यावर काय चुकलं तेही सांगतात. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. परदेशात खिसा कापला जाऊन जेवढं जातं, त्याच्यापेक्षा किती तरी जास्त आपण काउंटरवर, मागे रांग उभी असताना, घाईघाईत स्वतःच्या हाताने देऊन येतो.

नोटा न ओळखता बाजारात जाणं

व्हिएतनामच्या सगळ्या नोटांवर हो चि मिन्ह यांचाच चेहरा आहे, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळत नाही. मागचं चित्र बघा. २० हजारांवर जपानी पूल, १ लाखाच्या हिरव्या नोटेवर हनोईचं साहित्य मंदिर, २ लाखांच्या तांबूस नोटेवर हालाँग बेचे खडक, ५ लाखांवर हो चि मिन्ह यांचं गावाकडचं घर. २० हजारांपासून वरच्या या प्लास्टिकच्या नोटांची रुंदी सारखीच, पण किंमत वाढते तशी लांबी वाढते. २० हजारांची नोट १३६ मिलिमीटर, ५ लाखांची १५२.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दोन कप्पे. ५०, १०० आणि २०० हजारांच्या नोटा एका कप्प्यात, सुट्टे दुसऱ्यात, आणि ५ लाखांच्या नोटा पाकिटात ठेवायच्याच नाहीत. त्या आतल्या चोरकप्प्यात. मोठी नोट मोडायची ती हॉटेलात किंवा सुपरमार्केटमध्ये, हातगाडीवर नाही.

शून्यांचा गोंधळ हा याचाच भाऊ. तिथे विक्रेते शेवटची तीन शून्यं बोलतच नाहीत. ‘फिफ्टी’ म्हणजे ५० हजार. हिशेबही तसाच करा: तीन शून्यं सोडा आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणा. ५० चे झाले १७५ रुपये. दर थोडा खालीवर होतो, पण बाजारात उभ्याने करायच्या हिशेबाला एवढं पुरतं. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून निघण्याच्या आदल्या रात्री दहा वेळा हा गुणाकार करून घ्या. माझ्या सासूबाईंना तो दुसऱ्या दिवसापासून माझ्यापेक्षा भरभर येऊ लागला.

मुंबई-पुण्यातच डोंग घेणं, किंवा नुसते रुपये नेणं

आपल्याकडे डोंगला फारशी मागणी नाही, त्यामुळे इथे मिळणारा दर आतबट्ट्याचा असतो. तिकडे रुपये बदलून घेणारेही सहज सापडत नाहीत. डॉलर न्या. बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडून घ्या आणि पावती जपून ठेवा. ५० हजार रुपयांपर्यंतचे डॉलर रोख देऊन घेता येतात, त्याच्या वर चेक, कार्ड किंवा बँक ट्रान्सफर लागतो. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरपर्यंतच रोख चलन मिळतं, बाकीचं कार्डावर घ्यावं लागतं. व्हिएतनामला एवढी रोकड लागतही नाही. हॉटेल आणि सहलींचे पैसे आधी भरले असतील तर आठवड्याला माणशी ३००-४०० डॉलर पुष्कळ झाले.

आता सगळ्यांच्या हातून होणारी चूक. डॉलरच्या नोटा कोऱ्या हव्यात. पेनाची रेघ, शिक्क्याचा डाग, फाटलेला कोपरा, पिनेचं भोक यातलं काहीही दिसलं की तिथला काउंटरवाला नोट परत सरकवतो किंवा दर कमी देतो. आपल्याकडे नोटांची गड्डी दिसली की हात आपोआप स्टेपलरकडे जातो; डॉलरला पिन मारू देऊ नका. मनी चेंजरच्या समोरच प्रत्येक नोट उजेडात धरून बघा, डागाळलेली असेल तर तिथेच बदलून मागा. १०० आणि ५० च्या नोटा घ्या. १, ५, १० च्या नोटांना तिकडे अनेक ठिकाणी कमी दर देतात. आणि नोटा घडी न घालता, प्लास्टिकच्या पाकिटात सपाट ठेवा.

‘झिरो कमिशन’ची पाटी वाचून थांबणं

कमिशन नसलं तरी नफा दरात असतोच. म्हणून दर विचारू नका, कमिशनही विचारू नका. एकच प्रश्न विचारा: “१०० डॉलर दिले तर माझ्या हातात किती डोंग पडतील?” आणि भारतात डॉलर घेताना: “१,००० डॉलरला सगळं धरून किती रुपये?” दोन-तीन ठिकाणी फोन करून हेच उत्तर घ्या, तुलना आपोआप होते. भारतात चलन बदलताना जीएसटी लागतो, पण तो पूर्ण रकमेवर नसतो. १ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या १ टक्का धरून त्यावर १८ टक्के, किमान ४५ रुपये. म्हणजे ८० हजारांच्या डॉलरवर १४४ रुपये. कुणी याहून जास्त लावला तर बिल नीट वाचा.

पोहोचल्यावर विमानतळावर ५०-१०० डॉलरच बदला, टॅक्सी आणि पहिल्या जेवणापुरते. बाकीचे शहरात, बँकेत. हनोईत सोनारांच्या दुकानात दर चांगला मिळतो हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मी तिथे जात नाही. परवाना नसलेल्या दुकानात चलन बदलणं तिथे बेकायदा आहे आणि बदलून घेणाराही त्यात येतो. २०१८ मध्ये कान थो शहरात एका माणसाने अशाच सोनाराकडे फक्त १०० डॉलर बदलले, तर त्याला ९ कोटी डोंग दंड झाला होता. पुढे त्याला तो माफ झाला, पण परक्या देशात अशा भानगडीत पडण्याइतका फरक दरात नसतो.

कार्ड परदेशासाठी चालू न करणं

“खात्यात पैसे आहेत, तरी कार्ड चालत नाही” असा फोन मला दर मोसमात येतो. कारण बहुतेक वेळा एकच. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनसाठी चालू असतं. परदेशातला वापर, ऑनलाइन वापर आणि टॅप करून पैसे देणं, हे तिन्ही आपल्याला बँकेच्या ॲपमधून वेगवेगळं सुरू करावं लागतं. मर्यादाही तिथेच ठरते. ती शून्यावर राहिली तर बटण चालू असूनही कार्ड नाकारलं जातं.

परदेशी ऑनलाइन वापर मात्र गरज नसेल तर बंदच ठेवा. परदेशातल्या अनेक वेबसाइट ओटीपी न मागता पैसे कापून घेतात.

मशीनवर ‘रुपये’ निवडणं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सुशिक्षित, हिशेबी माणसंही इथेच फसतात.

तुम्ही हॉटेलचं ३० लाख डोंगचं बिल भरताय. कार्ड लावलं की मशीन दोन आकडे दाखवतं: एक डोंगमध्ये, एक रुपयांत. रुपये ओळखीचे, म्हणून बोट तिकडे जातं. कधी तर काउंटरवरचा मुलगा, आपली सोय करतोय असं समजून, स्वतःच रुपयांचं बटण दाबतो. पण तो रुपयांचा दर तुमच्या बँकेचा नसतो. मशीनवाल्या कंपनीचा असतो, आणि त्यात तिचा नफा धरलेला असतो. बाजारभावाने १०,२०० रुपयांना पडणारं बिल अशा वेळी १०,७०० ला पडणं अगदी नेहमीचं आहे. वर अनेक भारतीय बँका परदेशात रुपयांत केलेल्या अशा व्यवहारावर वेगळं शुल्क लावतात.

तुमच्या कार्डाचा परकीय चलन मार्कअप, म्हणजे परदेशातल्या खर्चावर बँक वरून लावते ते शुल्क, साडेतीन टक्के असेल, म्हणजे जीएसटी धरून ४.१३, तर दोन्हीतला फरक थोडा वाटेल. तरीही डोंगच निवडा; आपल्या बँकेचा दर आधी कळतो, मशीनचा कळत नाही. मार्कअप कमी किंवा शून्य असलेलं कार्ड असेल तर रुपये निवडणं म्हणजे त्याचा सगळा फायदा घालवणं. आणि डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड (निघण्याआधीच परकीय चलन भरून नेतात ते) वापरताना रुपये निवडले, तर डोंगचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा डॉलर, असं दोनदा कापलं जातं.

एटीएमवर हाच प्रश्न इंग्रजीत येतो, हा दर मान्य आहे का म्हणून. तिथे ‘डिक्लाइन’ किंवा ‘विदाउट कन्व्हर्जन’ दाबा. डिक्लाइन दाबलं की व्यवहारच रद्द होईल असं वाटून लोक घाबरतात. तसं सहसा होत नाही, पैसे येतात, फक्त दर आपल्या बँकेचा लागतो.

चूक होऊन गेलीच तर पावती हातात येताच वाचा. त्यावर रुपयांची रक्कम छापलेली दिसली तर तिथेच, शांतपणे, व्यवहार रद्द करून डोंगमध्ये पुन्हा करायला सांगा. हॉटेलातून बाहेर पडल्यावर हे निस्तरणं फार अवघड होतं.

फॉरेक्स कार्ड म्हणजे शुल्क नाही, ही समजूत

युरोपला युरो भरलेलं कार्ड घेऊन गेलात तर ही समजूत बरीचशी खरी ठरते. व्हिएतनामला नाही. आपल्याकडच्या फॉरेक्स कार्डांवर सहसा डोंग भरता येत नाहीत, डॉलर भरतात, आणि डॉलरचे डोंग होताना पुष्कळ कार्डं पुन्हा काही टक्के कापतात. कार्ड घेण्याआधी लेखी विचारा: “डॉलर भरले आणि डोंगमध्ये खर्च केला तर किती टक्के?” उत्तर तीन टक्क्यांच्या वर असेल तर साधं कमी मार्कअपचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड बरं. हॉटेल किंवा भाड्याची गाडी अनामत रोखून ठेवते तिथे मात्र क्रेडिट कार्डच द्या. फॉरेक्स कार्डातले अडकलेले पैसे सुटायला कित्येक दिवस लागतात आणि तोवर सहल संपलेली असते.

एटीएमवरच्या छोट्या चुका

क्रेडिट कार्डावर रोख काढू नका. शुल्क तर आहेच, शिवाय व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. तिथल्या एटीएममधून एका वेळी निघणाऱ्या रकमेला मर्यादा असते, पुष्कळ ठिकाणी २० ते ५० लाख डोंग, आणि शुल्क दर वेळी वेगळं लागतं. म्हणून रोज थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच लागतील तेवढे काढा, शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेल्या एटीएममधून, शाखा उघडी असताना. स्क्रीनवर सहा आकडी पिनची जागा दिसली तर घाबरू नका, आपले चार आकडे टाकून एंटर दाबा. काही यंत्रं आधी पैसे देतात आणि कार्ड मागून. पैसे मोजत चालू पडू नका, कार्ड हातात आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

खात्यातून रक्कम वजा झाली आणि नोटा आल्याच नाहीत, तर यंत्राचा नंबर, वेळ आणि स्क्रीन यांचा फोटो काढा आणि त्याच दिवशी आपल्या बँकेला ईमेल करा. नुसत्या फोनवर भागवू नका.

भारतातलं सिम घरी ठेवणं

ओटीपी त्याच नंबरवर येणार असतो. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या, सिम फोनमध्येच राहू द्या आणि इंटरनेटसाठी तिथलं ई-सिम घ्या. भारतीय सिमचा डेटा मात्र बंद.

यूपीआयच्या भरवशावर तर मुळीच जाऊ नका. भूतान, नेपाळ, सिंगापूर, अमिराती, मॉरिशस, श्रीलंका, पॅरिसचा आयफेल टॉवर, अशा ठिकाणी ते पोहोचलं आहे, पण तिथेही प्रत्येक दुकानात नाही.

कार्ड हरवल्यावर नंबर शोधत बसणं

आधी ॲपमधून कार्ड लॉक करा, मग फोन. बँकेचे १८०० वाले टोल फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत, म्हणून +९१ ने सुरू होणारा नंबर कागदावर लिहून दोघांच्या बॅगांत ठेवा. नवरा-बायकोंनी एकाच खात्याची दोन कार्डं नेण्यापेक्षा दोन वेगळ्या बँकांची न्यावीत, आणि एक कायम हॉटेलच्या तिजोरीत राहू द्यावं.

तुमची चूक नसताना पैसे गेले असतील तर वेळ महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष तुमचा किंवा बँकेचा नसून तिसऱ्याचाच असेल आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर भार येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत येतो. “घरी गेल्यावर बघू” म्हणून त्याहून जास्त दिवस घालवले की पुढचं बँकेच्या धोरणावर.

उरलेले डोंग घरी आणणं

इथे ते घ्यायला कुणी फारसं तयार होत नाही. शेवटच्या दोन दिवसांत रोखीने खर्च करा, उरलेले विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या आधीच बदला, आणि डॉलर बदलल्याची पावती जवळ ठेवा, ती मागू शकतात. दीड कोटीहून जास्त डोंग किंवा ५,००० डॉलरहून जास्त रोख असेल तर तिथे जाहीर करावं लागतं.

डॉलर उरले तर २,००० पर्यंत पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. त्याच्या वरचे परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला किंवा मनी चेंजरला परत विकायचे असतात. आणि कार्डाचं स्टेटमेंट पुढचे दोन महिने ओळ न् ओळ वाचा. हॉटेलच्या मिनीबारचं किंवा सोडायच्या राहिलेल्या अनामतीचं बिल बऱ्याचदा आपण घरी पोहोचल्यानंतर उमटतं, आणि तेव्हा हॉटेलची पावती हाताशी असली तर एका ईमेलमध्ये काम होतं.