पाम वरून छाटून बुटका होत नाही: शोभेचे पाम वाढवताना या चुका टाळा

नर्सरीच्या पिशवीतला दोन-अडीच फुटांचा रॉयल पाम फार गोजिरवाणा दिसतो. गेटच्या दोन्ही बाजूंना एकेक लावला की बंगल्याला लगेच रुबाब येतो. पंधरा-वीस वर्षांनी तेच झाड विजेच्या तारांच्या वर गेलेले असते. एखादी वाळकी झावळी मोटारीच्या बॉनेटवर पडते आणि मग माळीकाकांना बोलावून सांगितले जाते, "जरा वरून निम्मा करून टाका."

निम्मा केलेला पाम मरतो. पुढच्या बहुतेक चुका याच गैरसमजातून होतात, म्हणून आधी पामची घडण समजून घेऊ.

आंबा, जास्वंद किंवा कडुनिंब छाटला की खालच्या डोळ्यांतून फांद्या फुटतात. एका खोडाच्या पामला असे डोळेच नसतात. त्याचा वाढीचा कोंब एकच असतो आणि तो शेंड्यात, पानांच्या मुळाशी दडलेला असतो. तो गेला की जुनी पाने काही महिने हिरवी राहतात, झाड जिवंत आहे असे वाटत राहते आणि नंतर नुसता खांब उरतो. दुसरी गोष्ट खोडाची. पामच्या खोडात साल धरून दरवर्षी जाड होत जाणारा थर नसतो. त्यामुळे खोडाला झालेली जखम भरून येत नाही. ठोकलेल्या खिळ्याचे भोक आणि कोयत्याचा वार शेवटपर्यंत तसेच राहतात.

म्हणजे एका खोडाच्या पामची उंची आपल्या हातात फक्त एकदाच असते, झाड विकत घेताना.

आजची उंची पाहून झाड निवडणे

रॉयल पाम मूळचा क्युबा आणि आसपासचा. तो 20 मीटरच्या पुढे जातो, म्हणजे सहा-सात मजले. त्याची एकेक झावळी 10 किलोच्या वर सहज भरते आणि पडताना सांगून पडत नाही. रुंद रस्त्याच्या कडेला किंवा मोठ्या आवारात तो शोभतो. पार्किंगच्या शेजारी आणि मुलांच्या घसरगुंडीजवळ तो लावू नये, असे माझे ठाम मत आहे. फॉक्सटेल पाम ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधला. तो साधारण तीन मजल्यांपर्यंत जातो, त्यामुळे बंगल्याच्या पुढच्या अंगणात चालून जातो.

जागा कमी असेल तर बॉटल पाम घ्यावा. मॉरिशसजवळच्या एका छोट्या बेटावरचे हे झाड इतके सावकाश वाढते की कित्येक वर्षे माणसाच्या उंचीच्या आसपास राहते. पिग्मी डेट पामही दोन-तीन मीटरवर थांबतो, पण पानाच्या देठाशी त्याला लांब टोकदार काटे असतात. लहान मुले असतील तर तो जिन्याशेजारी नको. घरातल्या कुंडीसाठी रॅपिस आणि चामेडोरिया बरे. अरेका कुंडीत आटोपशीर राहतो, पण जमिनीत लावला की सहा-आठ मीटर उंच होतो आणि चांगलाच ऐसपैस पसरतो. कंपाउंडच्या भिंतीला चिकटून अरेकाची रांग लावणाऱ्यांच्या हे लक्षात येते तेव्हा शेजाऱ्यांशी बोलणे बंद झालेले असते.

सणापूर्वीची 'साफसफाई'

दिवाळीच्या किंवा 15 ऑगस्टच्या आधी बहुतेक सोसायट्यांमधले पाम एकसारखेच दिसतात. शेंड्यावर दोन-चार पाने ताठ उभी आणि खाली सगळे सफाचट. माळ्याने काम केले हे दुरून दिसावे, एवढाच त्याचा उपयोग. झाडाचे मात्र यात मोठे नुकसान होते.

पाम आपला बराचसा पालाश (पोटॅशियम) जुन्या पानांत साठवून ठेवतो. जमिनीत तो कमी पडला की जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतो. म्हणून खालच्या पानांवर आधी नारिंगी-पिवळे ठिपके येतात आणि मग टोके जळल्यासारखी होतात. हे पान कुरूप दिसते खरे, पण झाड त्याच्यावरच जगत असते. ते कापले की वरच्या पानाची पाळी येते. ते पिवळे पडते, माळी तेही कापतो. असे करत शेंडा लहान होत जातो, खोड वर निमुळते होते आणि एखाद्या वादळी पावसात झाड मान टाकते.

साधा हिशोब असा ठेवा: झाडाकडे समोरून पाहताना घड्याळातल्या 9 आणि 3 यांना जोडणारी आडवी रेघ कल्पावी. तिच्या वरचे एकही हिरवे पान कापायचे नाही. खालचेही पूर्ण वाळल्यावरच काढायचे. रॉयल आणि फॉक्सटेलची वाळलेली पाने तर आवरणासकट आपोआप सुटून येतात, ओढून काढायची गरजच नसते. अरेकाच्या पानाचे फक्त टोक तपकिरी झाले असेल तर तेवढेच कात्रीने तिरके कापावे. हिरव्या भागात कात्री गेली तर कापलेली कडा पुन्हा तपकिरी होते.

पिवळेपणा दिसला की खताकडे वळण्याआधी कोणते पान पिवळे आहे ते पाहा. जुन्या पानांवर ठिपके आणि जळकी टोके असतील तर पालाश कमी. जुन्या पानाच्या कडा रुंद पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम कमी. नवे पान आखूड, चुरगळलेले, करपल्यासारखे येत असेल तर मँगनीज कमी, आणि हे जास्त गंभीर, कारण यात कोंबच जाऊ शकतो. नवीन पाने नुसतीच फिकट पिवळी असतील तर बहुधा माती घट्ट आहे, पाणी साचते आहे किंवा झाड फार खोल लावले आहे. मुळे गुदमरली की लोह उचलता येत नाही.

हल्ली कुठल्याही पिवळ्या पानावर एप्सम सॉल्टचा, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचा, चमचा टाकायची पद्धत पडली आहे. कमतरता पालाशची असताना मॅग्नेशियम वाढवले तर पालाश आणखी कमी उचलला जातो. युरिया घातल्यावर झाड झटपट हिरवे दिसते, पण वाढ ओढल्यामुळे पालाशची ओढाताण वाढते. पामला नत्राइतका किंवा त्याहून जास्त पालाश लागतो. पोटॅशियम सल्फेट लिटरभर पाण्याला 2 ग्रॅम आणि मुळाशी कुजलेले शेणखत, एवढ्याने घरच्या कुंड्यांचे बरेचसे भागते. खालच्या पानांवर आलेले डाग मात्र जात नाहीत, फक्त नवी पाने निरोगी येतात. मोठ्या झाडाचा पूर्ण पर्णसंभार सुधारायला वर्ष-दोन वर्षे जातात.

झुपक्याला वरून सपाट करणे

अरेका, रॅपिस आणि झुपक्याने वाढणारा फिशटेल यांना बुंध्यातून फुटवे येतात. इथे एक खोड गेले तरी झाड जात नाही, म्हणून यांना आटोक्यात ठेवणे खरोखर शक्य आहे. तरीही लोक मेंदीच्या कुंपणासारखे वरून सपाट कापतात. कापलेले प्रत्येक खोड मरते, पण लगेच पडत नाही. त्याच्या पोकळीत पाणी साचते, ते कुजते आणि झुपक्याच्या मधोमध काळे खुंट उभे राहतात.

योग्य रीत उलटी आहे. सर्वांत उंच आणि जुनी खोडे निवडायची आणि बारीक दातांच्या करवतीने मातीलगत कापायची. एका वेळी झुपक्याच्या एक तृतीयांशाहून जास्त खोडे काढू नयेत. उंची आपोआप उतरते, आत उजेड आणि वारा शिरतो, पिठ्या ढेकूण आणि खवले कीडही कमी होते. पसारा वाढत असेल तर बाहेरच्या कडेचे कोवळे फुटवे पेन्सिलीएवढे असतानाच काढावेत. बाजूची माती उकरून फुटवा जिथे मूळ बुंध्याला जोडला आहे तिथे कापायचा. वरच्यावर मोडला तर तो पुन्हा येतो.

रॅपिसचे फुटवे जमिनीखालून आडवे सरकतात आणि थोड्या अंतरावर वर येतात. त्याची गती मंद असते, त्यामुळे चार वर्षे कोणाचे लक्ष जात नाही. वाफ्याच्या कडेने दीड फूट खोल जाड प्लॅस्टिकचा पत्रा उभा पुरला किंवा दर जूनमध्ये कुदळीने कड तोडली की पुरे.

झुपका वाटून नवी रोपे करायची असतील तर पावसाळ्याच्या सुरुवातीला करा. रॅपिस हे मुकाट्याने सोसतो. अरेका रुसतो. प्रत्येक वाट्यात तीन-चार खोडे आणि त्यांची स्वतःची मुळे असू द्या, आणि महिनाभर सावली. अरेकाच्या एका कुंडीत नर्सरीवाल्याने बऱ्याचदा अनेक बिया एकत्र रुजवलेल्या असतात. रोप भरदार दिसते ते त्यामुळे. तिथली लहान रोपे सुटी करणे जुना झुपका फोडण्यापेक्षा सोपे जाते.

फळे पिकू देणे

पाम पसरतो तो मुख्यतः बियांनी. अरेका, चायनीज फॅन पाम आणि फिशटेल यांच्याखाली पावसाळ्यात रोपांची दाटी होते. बाकीचे काम पक्षी, वटवाघळे आणि कांडेचोर करतात. त्यामुळे तुमच्या फिशटेलची रोपे शेजारच्या गच्चीवरच्या कुंडीतही निघतात. फळांचा तुरा हिरवा असतानाच कापला की हा प्रश्न संपतो. रोपे आलीच तर पाऊस पडून माती ओली असताना मुळासकट उपटावीत. गवत कापायच्या यंत्राने ती जात नाहीत. कोवळ्या रोपाचा कोंब मातीच्या पातळीला किंवा खाली असतो, म्हणून कापले तरी नवे पान वर येते.

फिशटेलबद्दल दोन गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात. त्याच्या फळांच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. उघड्या हाताने फळे गोळा केली तर हात भयंकर खाजतात, तोंडात गेली तर ओठ-जीभ जळते. हातमोजे घालावेत आणि मुलांना तिथे खेळू देऊ नये. दुसरी गोष्ट अशी की त्याच्या खोडाच्या आयुष्यात फुलण्याचा काळ एकदाच येतो. पहिला तुरा शेंड्याजवळ येतो, मग वर्षागणिक खाली खाली येत जातात आणि सर्वांत खालचा संपला की खोड मरते. कोकणातला भेरली माड एकखोडी असल्यामुळे सगळे झाडच जाते. झुपक्याच्या फिशटेलमध्ये तेवढे एक खोड जाते, बाकीची चालू राहतात. हे माहीत नसल्यामुळे लोक या अवस्थेत औषधांवर पैसे घालवतात. शेंड्याजवळ तुरा दिसला की ते खोड काढण्याच्या तयारीला लागावे, हे बरे.

खिळे, तारा आणि भुंगे

लग्नाच्या रोषणाईसाठी खोडात खिळे ठोकणे, कपड्यांची दोरी बांधायला हूक मारणे, खुरप्याने बुंधा सोलून 'स्वच्छ' करणे, हे सगळे एकाच जातीतले. जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तिथे अंडी घालतो आणि अळ्या खोड आतून पोखरतात. बाहेरून तांबूस चिकट स्राव आणि चोथा दिसू लागतो तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते. दिवे लावायचेच असतील तर रुंद पट्टी सैल गुंडाळा.

गेंडा भुंग्याची खूण वेगळी असते. नवीन पान उघडले की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखे दिसते, कारण भुंग्याने ते गुंडाळलेले असतानाच कुरतडलेले असते. त्याच्या अळ्या कुजत्या शेणखतात आणि पालापाचोळ्यात वाढतात. सोसायटीचा खतखड्डा पामच्या रांगेशेजारी असेल तर तो दूर न्या किंवा खत वरचेवर उलथून पांढऱ्या जाड अळ्या वेचा. वरच्या पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि बारीक वाळू भरण्याची नारळाच्या बागांतली रीत इथेही चालते.

पावसाळ्यात कोंब कुजव्याचीही भीती असते. मधले न उघडलेले पान निस्तेज होऊन हलक्या ओढीने हातात आले आणि तळाला घाण वास येत असेल तर कुजलेला भाग काढून कोंबात 1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) घालावे. लवकर लक्षात आले तरच उपयोग होतो. पाणी देताना रोज शेंड्यात नळी सोडणे बंद केले तरी पुष्कळ.

कुंडीतली घाई

लहान रोपाला एकदम मोठी कुंडी दिली की न वापरलेल्या मातीत ओल साचते. आधीच्या कुंडीपेक्षा दोन इंच मोठी कुंडी पुरे, आणि रोप आधी जितके खोल होते तितकेच. बुंध्याशी दिसणारी मुळे झाकायला वर माती चढवू नका, पामला तशी मुळे येतातच. बोअरच्या जड पाण्याने आणि त्याहूनही आरओ मशीनमधून वाया जाणाऱ्या पाण्याने अरेकाची टोके जळतात, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. ते पाणी फरशी धुवायला वापरा. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने कुंडी भरपूर निथळू द्या आणि खालच्या ताटलीतले पाणी ओतून टाका.

झाड काढायचेच ठरले तर

शहरात कोयता हाती घेण्याआधी महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या उद्यान विभागात विचारा. महाराष्ट्रात 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि झाड आपल्या आवारात आहे म्हणून ती टळत नाही.

एकखोडी पाम कापल्यावर खुंटावर ॲसिड, मीठ किंवा रॉकेल ओतणारे अनेक भेटतात. कशासाठी? तो खुंट पुन्हा फुटत नाही, माती तेवढी नासते. झुपक्याच्या पामचा बुंधा मात्र खणूनच काढावा लागतो. कापलेल्या खोडाचे ओंडके बागेच्या कोपऱ्यात बसायला म्हणून ठेवू नका. ते कुजू लागले की दोन्ही भुंगे त्यांत वाढतात आणि उरलेल्या पामवर जातात. तुकडे करून त्याच आठवड्यात तिथून हलवा.